घर मोठे झाले. लाकूड कोणते घ्यावे?

आमच्या लोकांच्या बोलण्यात अलीकडे एक नवा शब्द शिरला आहे : व्हाईट ओक. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचे घर मिळाले. मुंबईत इतरत्रही चाळी पाडून इमारती उठत आहेत आणि त्यांत आपल्या समाजाची कुटुंबे पुष्कळ आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. पण चावी हाती पडते न पडते तोच इंटिरिअरवाला दारात उभा राहतो, आणि त्याच्या कागदावर ओळीओळीला 'व्हाईट ओक' असते. स्वयंपाकघर व्हाईट ओक, कपाट व्हाईट ओक, टी. व्ही. ची भिंत व्हाईट ओक.

आमच्या पुतणीने असेच एक अंदाजपत्रक आमच्यापुढे ठेवले. हिशेबाचा कागद आला की घरची मंडळी तो आमच्याकडे सरकवतात, बी. कॉम. होऊन वीस वर्षे कारकुनी केल्याची ही शिक्षा! आम्ही कागद नीट वाचला. प्रत्येक ओळीत 'व्हाईट ओक' या शब्दांपुढे बारीक अक्षरांत आणखी एक शब्द होता : 'फिनिश'. आम्ही इंटिरिअरवाल्यास विचारले, "हे लाकूड आहे की लाकडाचा रंग?" तो म्हणाला, "साहेब, लॅमिनेट आहे. दिसायला सेम टू सेम."

लॅमिनेट म्हणजे काय, हे आपल्या भगिनींनी समजून घ्यावे, कारण घरासाठी साठवलेला पैसा बहुधा त्यांच्याच काटकसरीचा असतो. जाड तपकिरी कागदाचे थर रेझिनमध्ये भिजवतात. वर लाकडाच्या रेषा छापलेला एक कागद ठेवतात आणि उष्णता व दाब देऊन त्याचा पत्रा करतात. तो साधारण एक मिलिमीटर जाड असतो आणि प्लायवूडवर डकवला जातो. ओकच्या झाडाचा त्याच्याशी संबंध एवढाच की कोठेतरी कोणीतरी त्या लाकडाचा फोटो काढला होता. ही वस्तू वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. पुसायला सोपी, स्वयंपाकघरास चांगली. पण कागदाच्या चित्रास लाकडाचे नाव आणि नावामुळे वाढीव दर, हे आम्हांस मान्य नाही. 'व्हिनिअर' ही वेगळी चीज. तो खऱ्या लाकडाचा अगदी पातळ काप असतो. तोही प्लायवरच बसवतात.

मग खरा व्हाईट ओक कोणता? हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील झाड. लाकूड फिकट, किंचित तपकिरी, वजनदार आणि आपल्या सागापेक्षा कठीण. त्याच्या नळ्या आतून जणू बुचे मारल्यासारख्या बंद झालेल्या असतात, त्यामुळे त्यातून पाणी पाझरत नाही. म्हणूनच तिकडे गलबतांसाठी आणि दारूच्या पिंपांसाठी हे लाकूड वापरले गेले. (आम्ही पंचशील घेतलेली माणसे, पिंपाशी आमचा संबंध नाही!) विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्ताव्ह स्टिकली या अमेरिकन कारागिराने याच लाकडाचे साधे, ठसठशीत सामान लोकप्रिय केले. ओंडका मध्यापासून परिघाकडे अशा रीतीने चिरला की त्यावर चमकदार पट्टे उमटतात. तो अमोनियाची धुरी देऊन लाकडाचा रंग गडद करी. आज तेच लाकूड फिकटच ठेवण्याची फॅशन आहे, आणि ती फॅशन छापील कागदावर बसून आपल्या चाळीपर्यंत आली.

या लाकडाच्या इतिहासात आपल्यासारख्यांचे हातही आहेत. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन येथील मळ्यावर सुतारकाम आणि पिंपे बांधण्याचे काम गुलाम कृष्णवर्णीय करीत. ज्यांच्या हातांनी लाकूड घडले त्यांच्या मालकीचे स्वतःचे दारही नव्हते.

हे लिहिताना आम्हांस आमचे आजोबा आठवतात. गावकीत मयत झाले की सरणाची लाकडे वाहण्याचे काम महारांच्या माथी. आजोबांनी आयुष्यभर लोकांची लाकडे वाहिली आणि स्वतःच्या खोपटास मात्र कुडाची ताटी. १९५८ च्या कायद्याने ते वतन संपले, तेव्हा आमचे वडील लहान होते. म्हणून घरात चांगले लाकूड असावे ही आपल्या माणसांची हौस आम्ही कधीच हसण्यावारी नेत नाही.

पुतणीही तेच म्हणाली. "काका, आईने सगळा जन्म पलंगाखाली भांडी ठेवून काढला. कोणी आलं की आम्ही बाहेर गॅलरीत. आता चार माणसांसारखं घर दिसलं तर काय बिघडलं?"

काहीही बिघडत नाही, पोरी. आमचा आक्षेप दिसण्यास नव्हताच. आम्ही तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. पहिली, कर्जाची. इंटिरिअरसाठी समजा पाच लाख रुपये दर साल १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ११,६०० रुपयांच्या वर जातो आणि एकूण परतफेड सात लाखांच्या घरात. म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये निव्वळ व्याज. तिचा मुलगा दोन वर्षांनी बारावीला बसेल. त्याच्या कॉलेजच्या पहिल्या फीला हा हप्ता बरोबर आडवा येणार.

दुसरी गोष्ट त्या नकाशातली. इंटिरिअरवाल्याने हॉलच्या एका भिंतीवर टी. व्ही. युनिट आणि कोपऱ्यात जाळीचे दार व घंटा असलेले 'मंदिर युनिट' काढले होते. घर बौद्धाचे आहे, हे त्याने विचारलेच नव्हते. पुस्तकांचे कपाट मात्र नकाशात कोठेही नव्हते! बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत राहिले, आणि १९३० च्या दशकात दादरला 'राजगृह' बांधले ते ग्रंथांना जागा व्हावी म्हणून. आपल्या नकाशात ग्रंथांसाठी एक फळी नसावी? पुतणीने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हे माझ्या लक्षातच आलं नाही बघा."

आता ओक खराच आणला तरी मुंबईच्या हवेचे काय, हा प्रश्न उरतो. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत व्हाईट ओक रुंदीत सुमारे १० टक्के आकसू शकतो, साग सुमारे ५ टक्के. जे लाकूड सुकताना जास्त आकसते ते पावसाळ्यात जास्त फुगतेही. खण अडकतात, दार बसत नाही. शिवाय ओकमध्ये टॅनिन भरपूर. साधा लोखंडी खिळा मारला आणि दमट हवा लागली की भोवती काळा-निळा डाग पडतो. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवीही त्याच्या वाटेस सहसा जात नाही. अमेरिकेच्या थंड, कोरड्या घरात ओक राजा असेल, आमच्या दमट किनाऱ्यावर साग बरा.

सागाचा दाखला पाहायचा तर कार्ल्याला जावे. तेथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि छताच्या कमानीस लावलेल्या लाकडी फासळ्या मूळच्या, अजून जागेवर आहेत! आपण सहलीला जातो, स्तूपापुढे वंदना घेतो, फोटो काढतो आणि मान वर न करता परत येतो. पुढच्या खेपेस मान वर करून मुलांना ते लाकूड दाखवावे. तेथेच एक शिलालेख आहे : धेनुकाकट येथील सामी नावाच्या वढकीने, म्हणजे सुताराने, दार घडविल्याची ती नोंद आहे. त्याच्या बापाचे नावही त्यात कोरलेले आहे. राजे आणि व्यापारी यांच्या दानलेखांबरोबर एका सुताराचे नाव! बुद्धाच्या धम्मात कारागिराची किंमत काय होती, हे त्या एका ओळीतून कळते. आमच्या विहाराच्या सहलीत आम्ही दर वेळी ते सांगतो. ऐकणारे थोडे, पण सांगतो.

शेवटी पुतणीने काय केले ते सांगतो, कारण अनेकांना ते उपयोगी पडेल. तिने इंटिरिअरवाल्यास नकार दिला आणि वस्तीतील ओळखीचे सुतार मिस्त्री बोलावले. मिस्त्रींनी टी. व्ही. ची भिंत रद्द केली. स्वयंपाकघरास आय. एस. ७१० चे प्लायवूड घेतले, ज्यास दुकानदार मरीन म्हणतात. या प्लायचा नमुना चाचणीत ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. सिंकखाली स्वस्तातला कमर्शिअल प्लाय लावला की दोन पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. कपाटांना साधे, एकरंगी पांढरे लॅमिनेट लावले. त्यास कोणत्याही झाडाचे नाव नाही. माल घेताना प्लायवरचा आय. एस. आय. शिक्का प्रत्येक पत्र्यावर पाहावा, फक्त वरच्या पत्र्यावर नव्हे.

पुस्तकांच्या कपाटासाठी मात्र खरे लाकूड हवे, असा हट्ट तिनेच धरला. पाडलेल्या जुन्या इमारतींचा साग मुंबईच्या वखारींत मिळतो. तो वर्षानुवर्षे सुकलेला असतो, म्हणून पुढे फारसा वाकत नाही. घेताना मिस्त्री बरोबर हवा. खिळ्यांची भोके किती, आत कोठे पोकळ आहे, हे ठोकून पाहावे लागते, आणि रंध्यासाठी जाडीत थोडा भाग जाणार हे धरूनच माप घ्यावे लागते.

आम्ही त्या कपाटासाठी एकच सूचना केली. शासनाने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड जड आहेत. तीन-साडेतीन फुटांची एकच सलग फळी त्यांच्या भाराने मधोमध झोल धरते. मिस्त्रींनी मान हलवली आणि दर दीड फुटावर उभी फळी घातली. बुद्धमूर्तीची जागा वर, वहिनींच्या डोळ्यांच्या उंचीस ठेवली आहे. पॉलिश पावसाळा सरल्यावर करणार आहेत.