पाच शतांश सेकंद

महत्त्वाच्या माणसाला रांग नसते, हे ज्ञान मला आमच्या वाड्यातल्या न्हाणीघरापुढे झाले. आम्ही सगळे पंचे खांद्यावर टाकून ताटकळत उभे आणि अण्णांना लोकल गाठायची म्हणून ते थेट आत! आत गेल्यावर ते स्तोत्र म्हणत. स्तोत्र संपले की आरती.

संगणकाच्या पोटातही असेच न्हाणीघर असते, असे माझा पुतण्या सांगतो. त्याला तो सीपीयू म्हणतो. हल्ली एकेका यंत्रात अशी चार-आठ असतात. पण दारावरची गर्दी शेकड्यांनी. आत कोणी जायचे हे ठरवणाऱ्या कारभाऱ्याचे नाव शेड्यूलर. लिनक्समधला हा कारभारी साध्या कामांना थोडा थोडा वेळ वाटून देतो. पण काही कामे ‘रिअल टाइम’, म्हणजे मानकरी. गाणे मध्येच तुटू नये, कारखान्यातला यंत्राचा हात नेमक्या क्षणी थांबावा, अशी त्यांची निकड. त्यांना १ ते ९९ असे मानाचे आकडे असतात. त्यातले ‘फिफो’ जातीचे काम एकदा आत शिरले, की स्वतःहून बाहेर येईपर्यंत किंवा त्याहून मोठा मानकरी येईपर्यंत हलत नाही. अगदी अण्णा!

“आणि आत जाऊन त्याचं डोकं फिरलं तर?” मी विचारले.

“मग काका, माऊस हलत नाही, कीबोर्ड ऐकत नाही. त्याला बाहेर काढायचा हुकूम देणारा प्रोग्रॅमसुद्धा साधाच. तोही रांगेत!”

मी चहाचा कप खाली ठेवला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच परवानगीने साहेब भेटतात, अशी एक कचेरी माझ्या परिचयाची आहे.

२००८ साली लिनक्सवाल्यांनी यावर तोड काढली. दर सेकंदाला मानकऱ्यांनी सगळे मिळून ०.९५ सेकंदच घ्यायचे; उरलेले ०.०५ रांगेतल्यांचे. तेवढ्यात निदान “पुरे!” म्हणता येते. एकेका मानकऱ्याने न थांबता किती वेळ खर्चायचा, यालाही त्याच साली मर्यादा घालायची सोय झाली. ती ओलांडली की आधी ताकीद, आणि तरी ऐकले नाही तर थेट देहदंड. (अण्णांना आम्ही फक्त कडी वाजवीत असू.)

मात्र यात एक खुळेपणा होता. बाहेर कोणी नसले तरी मानकऱ्याला ठरल्या वेळी बाहेर काढीत आणि न्हाणीघर रिकामे ठेवीत. २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीत ते सुधारले. आता साध्या कामांची उपासमार होत असेल तरच ०.०५ सेकंद त्यांना द्यायचे.

हिने तेवढ्यात हिशेब केला. “शंभरात पाच म्हणजे दिवसाची ७२ मिनिटं. मला तेवढी कुठे मिळतात?”

मी वर्तमानपत्र उघडले.

“पण काय रे,” ही पुतण्याला म्हणाली, “उपासमार होतेय की नाही, हे ठरवतं कोण? आतला मानकरी?”

“छे, काकू! घड्याळ. सेकंद संपत आला आणि पाळी मिळालीच नाही, तर आपोआप मिळते.”

“म्हणजे मागावं लागत नाही. बरंय,” ती म्हणाली, आणि कपबश्या होत्या तिथेच ठेवून शेजारी निघून गेली.