भोंगा, तोफगोळा आणि रोहिणीचं पाणी



परवा वाचनालयात एका पोरानं मोबाईलवर गाणं लावलं. त्यात भोंगा वाजला आणि मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. भद्रावतीत वाढलेल्या माणसासाठी भोंगा म्हणजे आयुध निर्माणीची पाळी. हा भोंगा मात्र हवाई हल्ल्याचा होता. गाणं होतं 'वॉर पिग्ज', ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचं. साल 1970, व्हिएतनाम युद्ध पेटलेलं.

हा बँड बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीतला. गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. गायक ऑझी ऑस्बोर्न कत्तलखान्यात राबलेला. त्यांचं म्हणणं सरळ आहे : युद्ध ठरवणारे सुरक्षित बसतात, मरायला गरिबांची पोरं जातात.

मी मान डोलावली. तेवढ्यात तो पोरगा म्हणाला, "दादा, तुमचे मोठेबाबा निर्माणीतच होते ना?"

होते. तोफगोळ्याच्या पगारावर आमचं घर उभं राहिलं, माझं समाजशास्त्राचं एम.ए. झालं. भीमजयंतीच्या वर्गणीतही तोच पैसा असायचा. हे लपवून शांततेवर भाषण देणं म्हणजे ढोंग.

लष्कराशी आपलं नातं साधं नाही. बाबासाहेबांचे वडील सुभेदार. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा आपल्या लोकांच्या हातून भाकरी आणि इभ्रत दोन्ही गेली. ती परत मिळावी म्हणून बाबासाहेब भांडले, 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. घरी दुसरा पर्याय असलेल्यांना 'युद्ध नको' म्हणणं सोपं जातं.

म्हणून गाणं खोटं ठरत नाही. 24 जानेवारी 2025 ला भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, 8 जण गेले. युद्ध नसतानाही दारूगोळ्यानं कामगारच मारले.

पण गाण्याचा शेवट मला पटत नाही. तिथे देव निवाड्याला बसतो, युद्धखोर दयेची भीक मागतात आणि सैतान हसतो. म्हणजे न्याय मेल्यानंतर, तोही देवाच्या हातून! 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेब वेगळी वाट दाखवतात. रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य कोलियांवर चालून जायला निघाले, तेव्हा सिद्धार्थ भर संघात विरोधात उभा राहिला. दोन्हीकडून दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा, असं तो म्हणाला. ठराव हरला. तरी तो शस्त्र उचलायला तयार झाला नाही, त्यानं घर सोडलं. मतदानात एकटं पडण्याची ती किंमत होती. शिव्याशाप देण्यापेक्षा हे फार अवघड आहे.

तो पोरगा रोज पहाटे मैदानावर धावतो, अग्निवीर व्हायचंय. चार वर्षांची नोकरी, नंतर फार तर चारातला एक कायम. धावू नकोस, असं मी म्हणालो नाही. मोठेबाबांच्या पगारावर शिकलेल्यानं ते म्हणू नये. एवढंच म्हणालो, पदवी अर्धवट सोडू नकोस. आणि उद्या कुणी युद्धाची आरोळी दिली, तर सिद्धार्थानं संघात विचारलं तसं विचार : तंटा नेमका कशाचा, तो बोलून मिटवायला कोण तयार नाही, आणि का?

त्यानं गाणं बंद केलं. रविवारी आम्ही विजासनच्या लेण्यांत बसून रोहिणीचं ते प्रकरण वाचणार आहोत. तुम्हीही आपापल्या विहारात वाचा. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना आवर्जून बोलवा.

जयभीम. नमो बुद्धाय.