थप्पीचा दर

दसरा तोंडावर आला की आमच्या बाजारात सोयाबीनची आवक वाढते आणि हमालीच्या दराची बोलणीही तेव्हाच तापतात. काम बंद पडलं तर अडत्यांचा माल उघड्यावर पडतो. आमची वर्षाची कमाईही त्याच दिवसांतली, त्यामुळे दोन्ही बाजू बेतानं ताणतात.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका मोंढ्यात हमाली करतो. बारावी झालेला म्हणून मुकादमांनी मला लिहून घ्यायला बैठकीला नेलं. एका बाजूला आम्ही, समोर अडते आणि खरेदीदार, मधे बाजार समितीचे सभापती आणि सचिव. आम्ही वाढ मागताच एक शेठ म्हणाले, "आमचं काय जातंय? हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून कटती. त्याच्याच खिशात हात घालायचा का?"

उत्तर सोपं नव्हतं, कारण आमच्यातले बरेच जण शेतकरीच. माझंही सोयाबीन याच मोंढ्यात येतं आणि माझ्याही विक्रीच्या पट्टीतून हमाली कटते.

मुकादम म्हणाले, "मग कामं वेगळी करा, शेठ." एकेक काम मांडलं गेलं. गाडीतून पोती उतरवणं, माल ओतणं, चाळणं, वजन करणं हे शेतकऱ्याच्या खर्चाचं. लिलाव झाला की माल खरेदीदाराचा. त्यापुढची पोत्यांची थप्पी आणि ट्रकची भराई त्याच्या खात्यावर. कंबर मोडते ती तिथंच. थप्पी डोक्याच्या वर गेली की पाठीवर पोतं घेऊन फळीवरून चढावं लागतं, पण पैसे खालच्या थराएवढेच मिळायचे. रुपयांची घासाघीस लवकर आटपली. कितव्या थरापासून वेगळा दर, यावर दुपार गेली.

शेवटी शेतकऱ्याकडची हमाली जरा वाढली, भराईची जास्त, आणि उंच थप्पीला वेगळा दर लागला. सह्या झाल्या.

लेव्हीचं मात्र घोडं अडलं. १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे मजुरीवर मालकानं वेगळी लेव्ही माथाडी मंडळात भरायची असते. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस मिळतो. मुंबईत किराणा बाजारासाठी असं स्वतंत्र मंडळ आहे. बाबा आढावांच्या हमाल मापाडी महामंडळानं हा कायदा गावोगावच्या बाजारांत लागू व्हावा म्हणून कितीतरी मोर्चे काढले. आमचे खरेदीदार म्हणाले, "पुढच्या करारात बघू." ते वाक्य मी इतिवृत्तात तसंच उतरवलं आणि खाली त्यांची सही घेतली.