राहून गेलेला अर्ज

२०२४ च्या २६ डिसेंबरला संध्याकाळी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते १७ मुलांना प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार दिले होते. नात म्हणाली, "आजी, तुझ्या शाळेतल्या कुणाला मिळालं होतं का गं असं काही?" मी "नाही" म्हटलं आणि उठून स्वयंपाकघरात गेले. खरं उत्तर तेवढंच नव्हतं.

आमच्या लहानपणी अशा मुलांची गोष्ट म्हणजे हरिश्चंद्र मेहरा. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू असताना शामियान्याला आग लागली. पंडित नेहरू समोर बसलेले. चौदा वर्षांच्या या स्काउटने वर चढून चाकूने पेटतं कापड कापलं आणि माणसांना वाट करून दिली. त्यातूनच भारतीय बालकल्याण परिषदेचे शौर्य पुरस्कार सुरू झाले. पुढे ही मुलं २६ जानेवारीच्या संचलनात हत्तीवर बसून राजपथावरून जायची. मी दरवर्षी वर्गात ही गोष्ट अगदी रंगवून सांगत असे.

आणि १९८६ च्या पावसाळ्यात माझ्याच वर्गातल्या एका मुलाने नदीत वाहून चाललेल्या दोन लहान मुलींना बाहेर काढलं. सातवीतला मुलगा. अभ्यासात यथातथाच, गणितात नापास, आठवड्यातून दोन दिवस गैरहजर. गावात चार दिवस चर्चा झाली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "बाई, याचं नाव दिल्लीला पाठवू या. तुम्ही कागद तयार करा."

कागद बरेच होते. शाळेची शिफारस, वरच्या अधिकाऱ्यांची शिफारस, पोलिसांची नोंद किंवा वर्तमानपत्रातलं कात्रण. मी एकदा तालुक्याला गेले, साहेब भेटले नाहीत. मग सहामाही आली, पेपर तपासणी आली. फाईल माझ्या कपाटात राहिली आणि मुदत निघून गेली. मुख्याध्यापकांची बदली झाली होती, त्यामुळे विचारणारंही कुणी उरलं नाही.

वेळ मिळाला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाने त्या मुली वाचवल्या असत्या, तर मी तालुक्याला पुन्हा गेले नसते का? गेले असते. दहा वेळा गेले असते. हा मुलगा पुरस्काराचा असू शकतो, हे माझ्या मनाने मानलंच नव्हतं.

काही वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. केस पिकलेले, ट्रॅक्टर दुरुस्तीचं स्वतःचं दुकान आहे. वाकून नमस्कार केला. मी धीर करून त्या अर्जाचं सांगितलं. तो हसायला लागला. म्हणाला, "बाई, कसला अर्ज? मला माहीतच नाही. मला एवढंच आठवतं, की त्या दिवशी मी शाळा बुडवून नदीवर गेलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतं."

तो सहज बोलून गेला. मला मात्र पुढचं जेवण गेलं नाही.

मुंबईत २०१८ साली परळच्या एका इमारतीला आग लागली, तेव्हा झेन सदावर्ते या दहा वर्षांच्या मुलीने शेजाऱ्यांना ओलं कापड नाकाशी धरायला सांगितलं. ते ती शाळेत शिकली होती. तिला शौर्य पुरस्कार मिळाला, तेव्हा शिक्षक म्हणून किती बरं वाटलं! माझ्या त्या विद्यार्थ्याला पोहायला मात्र शाळेने शिकवलं नव्हतं. शाळा बुडवूनच तो शिकला होता.

तुमच्यापैकी कुणी अजून शिकवत असाल तर एवढंच सांगते. दिल्लीचा पुरस्कार थोड्यांनाच मिळणार. पण सकाळी प्रार्थनेनंतर त्या मुलाला पुढे बोलावून चार शब्द बोलायला ना कात्रण लागतं, ना कुणा साहेबाची सही. तेवढंही मी केलं नाही.

असो. नातीला मी दुसऱ्या दिवशी खरं काय ते सांगितलं.