भंगारातील गाडी

साताऱ्याच्या एका शाळेत मी मुख्याध्यापक असतानाची ही गोष्ट. सातवीतील एक मुलगा तारा, खिळे, जुन्या घड्याळाची चाके असे काहीबाही दप्तरात घालून आणी. एके दिवशी मी ते सारे काढून घेतले आणि म्हणालो, "अरे, हे भंगार काय कामाचे? त्यापेक्षा पुस्तक वाच." तो खाली मान घालून उभा राहिला. पुढे त्याने तसले काही आणले नाही. मला वाटले, मुलगा सुधारला.

पुष्कळ वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, नातवाने मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातील सुट्या भागांतून जीपसारखी छोटी चारचाकी घडवली होती. खर्च सुमारे ६० हजार रुपये. गंमत अशी, की ती मोटारसायकलप्रमाणे पायाने किक मारून सुरू होई! ती वाहतुकीच्या नियमांत बसणारी नव्हती. परंतु उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्या कल्पकतेचे कौतुक केले. तिच्या बदल्यात जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

नातू खदखदून हसला. मला मात्र तो मुलगा आठवला. त्याच्या वस्तू माझ्या कपाटात कितीतरी दिवस पडून होत्या; त्या मी कधीच परत केल्या नाहीत. तो त्यांतून काय करणार होता, एवढे तरी मी विचारावयास हवे होते.