डबलसीट

मोटारसायकलवर मागे बसणारी माणसे दोन जातींची असतात. एक जात चालवणाऱ्याच्या खांद्यावरून समोरचा रस्ता पाहते आणि खड्डा दिसला की त्याच्याही आधी श्वास रोखून धरते. दुसरी जात समोर पाहतच नाही. तिची मान कायमची एका बाजूला वळलेली. कोणाच्या बगिच्यात आंबिया बहार कसा धरला, कोणाच्या विहिरीवर नवी खोली झाली, याची तिला कोण चौकशी! आमचे बाबा या दुसऱ्या जातीचे. शेंदूरजनाघाटात संत्र्याची कलमे विकणाऱ्याने समोर पाहावे तरी कशाला? जंभेरीच्या खुंटावर डोळे बांधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला आपल्या कलमांचे पुढे काय झाले ते रस्त्याच्या कडेलाच दिसायचे.

पुढे त्यांच्या कमरेने असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी खड्ड्यांचा प्रवास वर्ज्य केला. आमच्या भागात याचा अर्थ प्रवास वर्ज्य, एवढाच होतो. तेव्हा बाबांसाठी रस्ताच घरी आणावा असे मी ठरवले आणि कॅमेऱ्याच्या शोधाला लागलो.

बाजारात निवड फार असली की माणसाला सल्लागारही फार मिळतात. एकाने आपला जुना कॅमकॉर्डर देऊ केला. तो मिनीडीव्ही फितीचा. ही पद्धत १९९५ साली आली, तेव्हा तिचे मोठे कौतुक होते. पण आत फीत आणि गरगर फिरणारे हेड. गाडीने हादरा दिला की चित्राचे चौकोनी तुकडे पडायचे. दुसरा म्हणाला, खिशात मोबाइल असताना कॅमेरा कशाला? पण मोबाइलचे भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा फार नाजूक असते. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी ती बिघडू शकते, अशी सूचना खुद्द ॲपल कंपनीने २०२१ साली दिली होती. आमचे वाहन तर सुरू होतानाच अंगणातली भांडी वाजवते.

राहिले ते काडेपेटीपेक्षा थोडे मोठे असे कॅमेरे. यांचा आद्यपुरुष गोप्रो. २००४ साली विक्रीला आलेला त्यांचा पहिला कॅमेरा मनगटावर बांधायचा होता आणि त्यात चक्क ३५ मिलिमीटरची फिल्म घालावी लागे. आता फिल्म गेली, फीत गेली. आत नखाएवढे कार्ड. हलणारा भागच नाही, तर हादऱ्याने बिघडणार काय?

भाच्याकडे असा एक कॅमेरा होता. त्याने चिखलदऱ्याच्या घाटात घेतलेले चित्रण बाबांना मोठ्या हौसेने दाखवले. कॅमेरा हेल्मेटवर, भिंग विशाल कोनाचे. असे भिंग जवळचा रस्ता वेगाने पळवते आणि दूरचे सारे बारीक करून टाकते. वळणे गरागरा फिरली, वारा घोंघावला. बाबांनी शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "एवढा घाट चढला लेका, अन् झाड एकही दिसू देल्लं नाही!"

या एका वाक्याने माझी निवड सोपी केली. विकणारे वेग विकत होते; मला मागची सीट हवी होती. म्हणून मी असा कॅमेरा घेतला की ज्यात कोन कमी करून कडा सरळ ठेवता येतात. स्थिरीकरण मध्यमच ठेवले, कारण ते चित्राच्या कडा कापून साधलेले असते आणि बाबांचे सारे जग कडेलाच. बाजूला पाहताना जवळची झाडे फरफटू नयेत म्हणून सेकंदाला साठ चित्रे आणि शटर वेगवान. मायक्रोफोनवर स्पंजची टोपी. मग कॅमेरा मागच्या सीटवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, डावीकडे तोंड करून बांधला, खाली रबराची जाड गादी घातली आणि ताशी वीस किलोमीटरने वरुडच्या रस्त्याला लागलो. सायकलवाले मला मागे टाकून गेले.

त्या रात्री बाबा पडद्यासमोर बसले. "थांबव," म्हणाले. मी चित्र थांबवले. "हे अमक्याचं. खुंट जोरदार हाय." पुन्हा, "थांबव." असे करत तासाभराचा रस्ता आम्ही तीन तासांत पार केला. एका जागी, मी लघुशंकेला थांबलो होतो तिथे, त्यांनी कान टवकारले. "मोटर नाही वाजत." मला तर ते ऐकूही आले नव्हते, न वाजणारी मोटर ऐकू येणार तरी कशी? पण पुढच्याच वळणावर बगिच्याच्या जागी तूर उभी होती आणि बांधावर संत्र्याची तोडलेली लाकडे रचलेली. वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात भूजलाचा अतिउपसा ही जुनी कथा आहे. विहीर आटते, मग बोअर खोल जाते, मग कुऱ्हाड येते.

"कलमं आपलेच होते," बाबा म्हणाले.

गावातल्या कोणालाही विचारले असते तर ही बातमी मिळाली असती. त्यांना ती कोणी सांगितली नव्हती. आजारी माणसाला वाईट सांगू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. कॅमेऱ्याला तो ठाऊक नव्हता. मी बंद करू का, असे विचारले.

बाबांनी चष्मा पुसला. "काऊन? चालू राहू दे," ते म्हणाले, "अन् उद्या पुसल्याकडून जाजो."