पहिला येऊन हरलेला उमेदवार

मेलबर्न मतदारसंघात पहिल्या मोजणीत सर्वाधिक मतं मिळाली ती ग्रीन्स पक्षाचे नेते ॲडम बँड्ट यांना. निवडून आल्या मजूर पक्षाच्या सारा विटी. ३ मे २०२५ च्या या लढतीत कोर्टकचेरी झाली नाही, फेरमोजणीचा गोंधळ झाला नाही, कुणी घोषणा दिल्या नाहीत. चार-पाच दिवस मोजणी चालली, बँड्ट यांनी पराभव मान्य केला आणि लोक आपापल्या कामाला लागले. मी धुळ्याचा माणूस. आमच्याकडे पहिला आलेला हरत नाही, तो गुलाल उधळतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचीकडे कार्लटनला गेलो होतो, आणि समुद्र, ट्राम, संग्रहालयं सगळं बाजूला राहून मी त्या मोजणीच्या मागे लागलो.

मतदान शनिवारी, एका शाळेत होतं. भाची आणि जावई मतदानाला निघाले तेव्हा मीही बरोबर गेलो. फाटकाशीच सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते कार्डं वाटत होते. आपल्याकडे केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराचा शब्द काढता येत नाही. तिथे दारापासून सहा मीटर सोडले की झालं. अंगणात पालक-शिक्षक मंडळींनी शेगडी मांडली होती. पावाच्या तुकड्यात भाजलेलं सॉसेज आणि परतलेला कांदा घालून ते विकत होते. पैसे शाळेच्या निधीला. मतदान न करणाऱ्याला वीस डॉलर दंड, त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदान होतं. धुळ्यात लोकसभेला, २० मे २०२४ च्या रणरणत्या उन्हात ते साठ टक्क्यांच्या घरात होतं. त्या शाळेत मात्र कुणाच्याच बोटाला शाई नाही. आत पुठ्ठ्याचे आडोसे, त्यात पेन्सिल. पेन्सिलीनं मत! हे पाहून मी खरोखर हादरलो.

भाचीनं हातातलं कार्ड माझ्यासमोर धरलं. सगळ्या उमेदवारांची नावं आणि प्रत्येकापुढे पक्षानं सुचवलेला आकडा. "मामा, एकाला शिक्का मारून चालत नाही. सगळ्यांना नंबर द्यायचे. चौकोन रिकामे सोडले तर मत बाद होऊ शकतं." म्हणजे जो अजिबात नको त्यालाही शेवटचा का होईना, क्रमांक द्यायचा. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद करतात आणि त्याच्या मतपत्रिका पुन्हा हातात घेऊन त्यांवरचा दुसरा क्रमांक पाहतात. ती मतं त्या-त्या उमेदवाराच्या गठ्ठ्यात जातात. कुणीतरी निम्म्याच्या वर जाईपर्यंत हे चालतं.

बँड्ट इथेच पडले. तिसऱ्या आलेल्या लिबरल पक्षानं आपल्या कार्डावर मजूर पक्षाला ग्रीन्सच्या वर ठेवलं होतं. लिबरल मतदारांच्या पत्रिका उघडल्या तेव्हा त्यांतल्या बहुतेक विटी यांच्याकडे गेल्या. आणि याच मतदारसंघात २०१० मध्ये नेमकं उलटं घडलं होतं. तेव्हा पहिल्या मोजणीत मजूर पक्ष पुढे होता, बँड्ट दुसरे होते, आणि लिबरलांच्या दुसऱ्या पसंतीवर ते संसदेत पोचले होते. ज्या शिडीनं चढले, पंधरा वर्षांनी त्याच शिडीनं उतरले.

मतदानाच्या रात्री टीव्हीसमोर बसून मी डोक्यात धुळे शहराची २०१९ ची विधानसभा पुन्हा मोजत होतो. एमआयएमचे फारुक शाह निवडून आले तेव्हा त्यांची मतं एकूण मतदानाच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. त्यांच्या पाठोपाठ अपक्ष राजवर्धन कदमबांडे आणि लोकसंग्रामचे अनिल गोटे. तिघांत काही हजारांचंच अंतर, आणि शिवसेनेचा उमेदवार त्यांच्या मागे. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीनं आधी शिवसेनेच्या पत्रिका उघडल्या असत्या, मग गोट्यांच्या. शेवटी कोण राहिलं असतं? कदाचित कदमबांडे, कदाचित शाहच. आमदार कुणीही झाला असता तरी चाललं असतं. निम्म्याहून जास्त धुळेकरांनी त्याला कुठल्या ना कुठल्या क्रमांकावर मान्य केलेलं असतं, आणि माझ्या दृष्टीनं तेच मोलाचं.

पुढे २०२४ मध्ये काय झालं तेही याच डोळ्यांनी पाहावं लागतं. फारुक शाह यांची मतं घटली नाहीत, भरपूर वाढली. सत्तर हजारांवर गेली. तरी भाजपचे अनुप अग्रवाल पंचेचाळीस हजारांहून अधिक मतांनी जिंकले. आधी तिघाचौघांत वाटला गेलेला मतदार या खेपेला बराचसा एका जागी आला. दुसऱ्या पसंतीची मोजणी झालीच, फक्त ती निवडणूक अधिकाऱ्यासमोर न होता पाच वर्षं आग्रा रोडवरच्या दुकानांत, घराच्या ओट्यांवर आणि बसच्या बाकांवर चालली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या कापूस व्यापाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं: "मन्हं मत वाया नको जावाले." मनातल्या उमेदवाराला मत द्यायचं की नकोशाला पाडणाऱ्याला, हा हिशेब खान्देशी मतदार घरून करून निघतो. ऑस्ट्रेलियातला मतदार दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून येतो.

हाच हिशेब त्याच वर्षी धुळे लोकसभेला झाला, आणि अख्ख्या देशानं पाहिला. २०१९ मध्ये भाजपचे डॉ. सुभाष भामरे सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले होते. २०२४ मध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी त्यांना ३,८३१ मतांनी हरवलं. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे होते; एकट्या मालेगाव मध्यनं बच्छाव यांना जवळपास एक लाख चौऱ्याण्णव हजारांची आघाडी दिली. वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराचा अर्ज छाननीतच बाद झाला होता. लहान पक्षाचा एक माणूस यंत्रावर असता तर निकाल फिरला असता का, यावर धुळ्यात अजून वाद होतात. अवघ्या सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीनं धुळे जिल्ह्यातल्या पाचही आणि जळगाव जिल्ह्यातल्या अकराही जागा घेतल्या. बाहेरचे लोक याला लाट म्हणतात. माझ्या मते मतदार इतका हलत नाही. तो कुणासमोर कोण उभा आहे हे पाहून आपली दुसरी पसंती पहिली करून टाकतो, कारण त्याला एकच बटण दाबता येतं.

ऑस्ट्रेलियात मात्र मतदार खरोखर हलला आहे. १९८७ मध्ये दोन मोठ्या गटांना मिळून नव्वद टक्क्यांहून जास्त पहिली पसंती होती. २०२५ मध्ये मजूर पक्षाला सुमारे ३४.६ टक्के आणि लिबरल-नॅशनल आघाडीला सुमारे ३१.८ टक्के. उरलेली एक तृतीयांश मतं ग्रीन्सला, वन नेशनला, अपक्षांना. माझा जावई मागच्या खेपेपर्यंत मजूर पक्षाला पहिला क्रमांक द्यायचा, यंदा त्यानं दुसरा दिला. "पक्षाला समजलं पाहिजे ना, की मी नाराज आहे," तो म्हणाला. नाराजीही कळवली आणि मतही हातचं गेलं नाही. लहान पक्षाच्या माणसाला तिथे 'मतं खायला उभा केलाय' असं कुणी म्हणत नाही.

पण त्या पद्धतीला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. पहिल्या पसंतीची जेमतेम एक तृतीयांश मतं घेऊन मजूर पक्षाला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. ग्रीन्सना बारा टक्के मतं आणि जागा एक. क्रमांक लिहून हिशेब न्याय्य होतो. जागांचं वाटप मात्र मतांच्या प्रमाणात होत नाही ते नाहीच.

ही पद्धत शेतकऱ्यांच्या भांडणातून आली, हे कळल्यावर मला विशेष वाटलं. १९१८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या स्वान मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शेतकऱ्यांनी स्वतःचा उमेदवार दिला, सरकारी पक्षाचा वेगळा, आणि या फाटाफुटीत मजूर पक्षाचा तरुण एडविन कॉर्बॉय साधारण एक तृतीयांश मतांवर निवडून गेला. घाबरलेल्या सरकारनं त्याच वर्षी पसंतीक्रमाचा कायदा केला. शेतकऱ्यांचा पक्ष त्या कायद्याच्या आधारानं टिकला. आजचा नॅशनल पक्ष तोच. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला आमच्या कापूस पट्ट्यात केवढा मान होता! सभांना माणूस मावत नसे. पण त्यांच्या स्वतंत्र भारत पक्षाला निवडणुकीत पाय रोवता आले नाहीत. सभेला येणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी 'वाया जाईल' म्हणून मोठ्या पक्षाकडे वळायचा. त्याच्या हातात दुसरा क्रमांक असता तर? हा प्रश्न मी तिथून परतायच्या तयारीतही सोडू शकलो नाही.

जळगावचं दुखणं आणखी निराळं आहे. २०१८ मध्ये तिथल्या महापालिकेत भाजपनं ७५ पैकी ५७ जागा जिंकल्या. मार्च २०२१ मध्ये त्यांतले बरेच नगरसेवक पलीकडे गेले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन महापौर झाल्या. मतदार जागच्या जागी, कौल मात्र फिरला. यावर पसंतीक्रमाचा काही इलाज नाही, आणि तसा दावा करणं खोटं ठरेल.

पसंतीक्रमाची ही पद्धत परदेशी आहे असंही नाही. नाशिक शिक्षक मतदारसंघात जळगाव, धुळे, नंदुरबार येतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, म्हणून जून २०२४ मध्ये मलाही तिथे मत होतं. केंद्रावर आयोगाचा जांभळा पेन मिळाला, मी नावांपुढे एक, दोन, तीन असे आकडे घातले. मोजणी पहिल्या पसंतीत संपली नाही, पुढच्या पसंतीपर्यंत गेली आणि किशोर दराडे निवडून आले. विधान परिषदेच्या एका आमदारासाठी आम्हा शिक्षकांना हा अधिकार आहे. माझ्या महाविद्यालयातल्या शिपायाला तो नाही, मालेगावच्या यंत्रमागावरच्या कामगाराला नाही, शिंदखेड्याच्या कापूस उत्पादकाला नाही. गावातल्या प्राथमिक शाळेच्या गुरुजींनाही नाही. ती यादी माध्यमिकपासून सुरू होते.